सात नंबरचा उशीर

दुपारचे अडीच झालेत. ताकभात अंगावर यायला लागलाय. मी झोपत नाहीये, नुसते डोळे मिटून ऐकतेय, असं मी स्वतःला बजावते. असं बजावलं की दोन मिनिटांत माझा डोळा लागतो, हा अनुभव जुना आहे.

पाठीला भिंत, कानांवर हेडफोन, मांडीवर ग्रूव्हबॉक्स. संध्याकाळपर्यंत एका साडी सेलची जाहिरात द्यायची आहे. इचलकरंजीत रिक्षावर कर्णा लावून ज्या जाहिराती फिरतात, त्यातल्या बऱ्याचशांच्या मागचं संगीत माझं असतं. ते कुणाचं आहे हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. "म्याडम, बीट कडक पाहिजे," एवढंच गिऱ्हाईकाचं म्हणणं. कडक म्हणजे सरळ, एकही ठोका इकडचा तिकडं नको.

ग्रूव्हबॉक्स ही जेवणाच्या ताटाएवढी पेटी. तिच्यावर सोळा रबरी चौकोन आणि प्रत्येकाखाली एक दिवा. कॉम्प्युटर लागत नाही. ठोके हिच्यातच बसवायचे आणि हिच्यातच साठवायचे. टेबलावरचा जुना कीबोर्ड आणि बेसचा आवाज काढणारा छोटा सिंथ केबलनं हिला जोडलेत. ही सांगेल त्या वेगानं ते चालतात. आप्पांना हे समजवायला अर्धा तास तरी जाईल असं मला वाटलं होतं. त्यांनी केबल दोन बोटांनी उचलून बघितली आणि म्हणाले, "म्हंजे ही मोटर, आणि ते माग."

आप्पा म्हणजे माझे वडील, रावसू जॉबर. यंत्रमागांच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करतो तो जॉबर. बत्तीस मागांच्या गडगडाटात चाळीस वर्षं काढल्यावर त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, त्यामुळे आमच्या घरातलं मायेचं बोलणंही शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर आम्ही दोघंच एकमेकांवर ओरडत राहिलो.

आमचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे. बत्तीस मागांतला सात नंबर लंगडा होता. तीन ठोके वेळेवर, चौथा किंचित उशिरा. मी त्या ठोक्यावर पाढे पाठ केलेत आणि त्याच ठोक्यावर झोपलेय. तीन वर्षांपूर्वी मालकांनी सगळे माग भंगारात घातले आणि शेड गोडाऊनला दिली. त्यानंतर आप्पांच्या हातांना काम उरलं नाही. पेपराची घडी करायची, उलगडायची, पुन्हा करायची.

अशाच एका दुपारी ते जिना चढून वर माझ्या खोलीत आले. रबराच्या चौकोनावर तर्जनी ठेवली आणि सात नंबर वाजवून दाखवला. हुबेहूब. मी घाईघाईनं रेकॉर्डचं बटण दाबलं. ते चार-पाच मिनिटं वाजवत होते, डावा तळवा स्पीकरवर ठेवून, कारण त्यांना ऐकू यायचं ते तिथून. तेवढ्यात एका गिऱ्हाईकाचा फोन आला. मी पॅटर्न साठवला, त्याला 'आप्पा' नाव दिलं आणि खाली गेले. नंतर ऐकू म्हटलं. महिन्याभरात आप्पा गेले, झोपेतच.

बाराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी वर येऊन तो पॅटर्न लावला. सात नंबर खडखडीत बरा झालेला होता. चारही ठोके अगदी वेळेवर, एका रेषेत.

पेटीच्या कोपऱ्यात क्वांटाइझचा नॉब असतो. आपला ठोका पुढंमागं पडला तर पेटी तो ओढून रेषेवर बसवते. किती ओढायचं, ते या नॉबवर ठरतं. गिऱ्हाईकांना सगळं सरळ लागतं म्हणून मी तो नॉब पूर्ण फिरवून त्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून टाकली होती, चुकून हात लागू नये म्हणून. आप्पा वाजवत होते तेव्हा ती पट्टी तिथंच होती. पट्टी काढायला एक सेकंद लागला असता. तो मी काढला नाही.

त्यानंतर मी चौथा ठोका कणाकणानं सरकवून पाहिला. पन्नासएक वेळा तरी. कधी तो दारू प्यायल्यासारखा वाटायचा, कधी नुसताच चुकलेला. सात नंबर कधीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, जितक्या वेळा करून बघावं तितकी मूळ ठोक्याची आठवण पुसट होत गेली. आता तो नक्की किती उशिरा यायचा, हे जगात कुणालाही माहीत नाही. अकरा महिने झालेत. पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

हेडफोनमध्ये साडी सेल चाललाय. खट, खट, खट, खट. रेकॉर्डचा दिवा लाल आहे, बंद करायला हवा. करते. आत्ता करते.

"वैजू, झोपलीस व्हय गं?"

"नाही आप्पा," मी डोळे मिटूनच ओरडते.

"वरडू नगंस. ऐकू येतंय मला."

मी डोळे उघडते. आप्पा माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसलेत. खाकी हाफ पँट, बनियन, हातात चोच असलेली तेलाची डबी. भुवयांवर कापूस बसलाय, कारखान्यातून घरी यायचे तेव्हा बसलेला असायचा तसा. ते गेलेत हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं, पण तो विषय काढणं बरं दिसणार नाही असं मला वाटतं.

"जेवलीस न्हवं?"

"ताकभात."

"निस्ता ताकभात? एकटीपुरतं करायचा कटाळा आला व्हय?"

त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची मला सवय नाही, हळू आवाजात काय बोलायचं असतं तेच सुचत नाही. ते कीबोर्डला तेल घालतात. पट्ट्यांच्या फटींतून तेल आत जातं. मी नको म्हणत नाही.

"आप्पा, मी एक चूक केलीये."

"कुठल्या मागावर?"

"सात नंबर."

ते डबी खाली ठेवतात आणि उठतात. आम्ही कारखान्यात आहोत. बत्तीसच्या बत्तीस माग चालू आहेत. सूत नेणारे धोटे इकडून तिकडं धावतायत, कापड हळूहळू उतरतंय, पण आवाज अजिबात नाही. एवढी शांतता मी या शेडमध्ये कधी पाहिलेली नाही. प्रत्येक मागावर सोळा दिवे एकामागून एक पेटतायत. बाजूच्या बाकावर आई पाठमोरी बसून सुताच्या कांड्या भरतेय. मी थांबते, पण आप्पा म्हणतात, "तिला कामात बोलवू नगं, धागा तुटतो," आणि पुढं चालू लागतात.

सहा नंबर, आठ नंबर. मध्ये मोकळी जागा. फरशीवर तेलाचे चार डाग, मागाच्या चार पायांचे.

"गेला कुठं?" आप्पा विचारतात.

"मी त्याला सरळ केला," मी म्हणते. "तुम्ही वाजवलेला. चुकून. पट्टी काढायची राहिली."

"मग गेलाच असंल त्यो."

त्यांच्या आवाजात राग नाही, ते अजूनच वाईट. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि आमचं नेहमीसारखं झालं असतं. मी त्यांच्यामागून चालते. शेडचं दार ओलांडलं की एसटी स्टँड आहे. बाकड्यांवर माणसं नाहीत. माग बसलेत, ओळीनं, गाडीची वाट बघत. कुणाच्या अंगावर अजून अर्धं विणलेलं धोतर आहे. कर्ण्यावरून माझं संगीत येतं, साडी सेलचं, शेवटचे तीन दिवस, शेवटचे तीन दिवस. मला लाज वाटते.

"तुझं गाणं व्हय हे?"

"गाणं नाही आप्पा. जाहिरात."

"चांगलं हाय की. कडक हाय."

सात नंबर सगळ्यात शेवटच्या बाकड्यावर आहे, एकटाच. आप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवतात, मग त्याच्यापुढं उकिडवे बसतात. मीही बसते. जवळून बघितल्यावर तो माग राहत नाही. तो माझाच ग्रूव्हबॉक्स आहे, हातभर लांब-रुंद, ओतीव लोखंडाचा, आणि त्याच्या कोपऱ्यात एक मोठा नट आहे. नटावर पांढरी चिकटपट्टी.

"बारा-तेराचा पाना दे."

पाना माझ्या हातातच असतो. लहानपणी मी त्यांना पाने द्यायचे. नंबर न विचारता द्यायचे, आणि ते कधीच शाबास म्हणायचे नाहीत, नुसता हात पुढं करायचे. आताही तसाच हात पुढं येतो.

ते नट चाचपतात आणि जीभ टाळ्याला लावून च्च् करतात.

"लई आवळलायस गं ह्याला."

"गिऱ्हाइकाला सरळ लागतं."

"लागू दे की. म्हणून एवढं आवळायचं? जरा ढिला नसंल तर मागाचं कायतरी मोडतंय. धागा तरी तुटतोय, न्हाईतर धोट्याला ढकलणारा पिकर तरी."

"मग तुम्ही सात नंबर दुरुस्त का नाही केलात? चाळीस वर्षं तसाच लंगडत ठेवलात. मालक किती बोलायचे."

हे मला त्यांना कितीतरी वर्षं विचारायचं होतं. इतक्या ओरडण्यात ते राहूनच गेलं. आप्पा पाना मांडीवर ठेवतात. त्यांच्या भुवईवरचा कापूस हलतो, पण वारा नाही.

"बत्तीसच्या बत्तीस सरळ चालायला लागले की मला कायबी ऐकू यायचं न्हाई बघ," ते म्हणतात. "निस्ती भिंत आवाजाची. त्यो एकटा जरा उशिरा यायचा, म्हणून तेवढा कळायचा. त्यो कळला की मग बाकीचे चालू हायत हेबी कळायचं. दुरुस्त केला असता तर मी कशावर चाललो असतो?"

मला रडू येतं. स्टँडवर सगळ्या मागांसमोर मी लहान पोरीसारखी रडते. आप्पा माझ्याकडं बघत नाहीत. मी रडले की ते असेच दुसरीकडं बघायचे आणि नाकातून आवाज काढायचे.

"पुन्हा एकदा वाजवा आप्पा," मी म्हणते. "एकदाच. या वेळी मी पट्टी काढते. मला तो आठवतच नाही आता. काय केलं तरी जमत नाही."

"माझा हात कुठाय आता?"

मी बघते. त्यांचे हात आहेत, पण तेलकट फडक्यासारखे दुमडून मांडीवर ठेवलेले. आम्ही आमच्या जिन्यावर बसलोय. मधल्या पायरीवर, जिथं संध्याकाळी ते चहा घेऊन बसायचे. दवाखान्यातली सलाइनची बाटली कठड्याला लटकतेय आणि तिच्यातून थेंब पडतोय, खट, खट, खट, खट. दवाखान्यात तर आम्ही गेलोच नव्हतो. तेवढा वेळच मिळाला नव्हता.

"तू वाजव," आप्पा म्हणतात.

"मला नाही येत. मी हातानं वाजवतच नाही. मी नुसते दिवे पेटवते, कुठला ठोका कुठं ते. पेटी वाजवते."

"दिवं पेटवून माग चालतोय व्हय?"

"आप्पा, खरंच नाही येत मला."

"वाजव म्हणतोय न्हवं." आता आवाज चढतो, आणि माझा जीव भांड्यात पडतो. हेच आप्पा. "पट्टी काढ आधी. तो नट ढिला कर. उलटा. उलटा फिरव, इतकी वर्सं पानं दिलीस मला, दिशा कळंना व्हय?"

मी पट्टी सोलते. डिंक जुना झालाय, पट्टी जाता जात नाही. नखानं कोपरा उचलते. नट पाना न लावता माझ्या बोटांनीच फिरतो, पार शेवटपर्यंत. आप्पा आपला डावा तळवा माझ्या पाठीवर ठेवतात, खांद्यांच्या मधोमध, स्पीकरवर ठेवायचे तसा. तळवा गरम आहे.

"हं," ते म्हणतात. "आता ऐकू येईल."

मी जिन्याच्या पायरीवर बोट टेकवते. एक. दोन. तीन. पुढचा ठोका मारताना मला भीती वाटते, चुकला तर हे उठून जातील. कुठंतरी पाळीचा भोंगा होतो. आप्पांचा तळवा पाठीवरून हलत नाही.

"पाळी झाली," ते म्हणतात. "तू वाजवत ऱ्हा. मागं बगू नगंस."

"थांबा ना आप्पा. एवढा एक ठोका."

"अगं ऐकतोय की मी."

भोंगा वाढत जातो. पाठीवरची जागा गार पडते.

भोंगा म्हणजे फोन आहे. शेजारी चटईवर थरथरतोय. खिडकीतून ऊन भिंतीवर आलंय, चार वाजून गेले असणार. हेडफोन गळ्यात घसरलेत. मान अवघडलीये. मी फोन कट करते आणि तशीच बसून राहते, कारण खोलीत कुणी नाही हे एकदम बघायची हिंमत होत नाही.

मग पेटी बंद करायला हात पुढं नेते आणि माझ्या तर्जनीला काहीतरी चिकटलेलं दिसतं. पांढरी चिकटपट्टी. अर्धी मुडपलेली, आतून काळी, नखाखाली डिंक. नॉबवर जिथं ती होती तिथं मळकट चौकोन राहिलाय. नॉब शून्यावर आहे. रेकॉर्डचा दिवा अजून लालच आहे.

झोपेत मीच केलं असणार. दुसरं कोण करणार? मी काही खुळी नाही. मी रेकॉर्ड थांबवते, साडी सेलचे ठोके आणि बाकीची यंत्रं सगळं बंद करते, आणि जे नवीन नोंदलं गेलंय तेवढंच लावते.

बराच वेळ काहीच नाही. मग एका बोटाचे ठोके. एक, दोन, तीन. चौथा येतो. उशिरा. पन्नास वेळा मोजून सरकवला तेव्हा जिथं तो सापडला नव्हता, बरोबर तिथं. पुढची फेरी, पुन्हा तिथंच. सात नंबर. भिंतीपलीकडं गोडाऊन आहे, पोती आहेत, आणि माझ्या खोलीत सात नंबर चालू आहे.

"आप्पा," मी मोठ्यानं म्हणते. नेहमीसारखं ओरडून.

मला पटत नाही म्हणून मी पुन्हा करून बघते, पूर्ण जागी राहून. नॉब शून्यावर, बोट रबरावर. चार ठोके वाजवते आणि ऐकते. चौथा उशिरा. मुद्दाम वेळेवर मारायचा म्हणून मनाशी ठरवून, ओठ चावून मारते. तरीही उशिरा, तेवढाच. माझं बोट तिथं थांबतं. कायमच थांबत असणार. कधीमधी हातानं वाजवलं तरी हा नॉब ती चूक पुसत होता, एरवी मी दिवे पेटवून कडक बीट करत होते, म्हणून मला कधी ऐकूच आलं नाही. अकरा महिने मी ज्याला शोधत होते तो इथं बोटात होता.

मी खूप रडते. कुणी बघायला नाही, त्यामुळे थांबायचं काही कारणही नसतं. आप्पा गेले त्या दिवशी आलेल्यांना चहा करण्यात माझा वेळ गेला होता. आज कुणाला चहा द्यायचा नाही.

मग मी पॅटर्न साठवते. पेटी नाव विचारते. 'आप्पा' आधीच आहे, तो सरळ केलेला. तो मी पुसत नाही, राहू दे. नव्याला मी माझं नाव देते.

फोन पुन्हा वाजतो. साडी सेलवाले जयकुमारशेठ.

"म्याडम, झालं का न्हाई अजून? सकाळी रिक्षा सोडायची हाय."

"अर्ध्या तासात पाठवते."

"आणि बीट कडक ठेवलाय न्हवं?"

मी पेटीकडं बघते. साडी सेलखाली नवा पॅटर्न लावून कीबोर्ड आणि सिंथ पुन्हा चालू केलेत. दोघंही त्या चौथ्या ठोक्यापाशी थांबून मग पुढं जातायत.

"नाही शेठ," मी म्हणते. "जरा ढिला ठेवलाय."

"आं? मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई."

"ढिला ठेवलाय!" मी ओरडते, आणि डावा तळवा स्पीकरवर ठेवते.